सिव्हिलमधली २७ नंबरची खोली : दादाला घेऊन दीड वर्ष चकरा मारल्यावरचा रिव्ह्यू

आतापर्यंत मी एक मिक्सर, एक साडीचं दुकान आणि दोन खानावळी एवढ्यांचेच रिव्ह्यू लिहिलेत. दवाखान्याचा पहिल्यांदाच लिहितेय आणि तोही जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलातल्या मानसोपचार ओपीडीचा. जिल्ह्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण तिथे डॉक्टर एकच आहेत, नाव टाकलं की ते लगेच ओळखू येणार आणि त्यांच्या मागोमाग दादाही. गावात आधीच खूप बोलून झालंय.

स्टार आधीच सांगून टाकते, साडेतीन. डॉक्टर आणि सिस्टरला पाच, औषधांना तीन (असली तर पाच), बसायची जागा आणि प्रायव्हसीला एक, तोही पंखा चालू होता म्हणून.

दादाची पिठाची गिरणी आहे. आमच्या वडिलांपासूनची, गावात एकच. गहू, ज्वारी, दिवाळीला भाजणी, उन्हाळ्यात मिरची कांडप. २०२३ च्या पावसाळ्यात त्याला छातीत जळजळ सुरू झाली, पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच, मग उठून ओट्यावर बसायचा, जेवण कमी झालं, चार महिन्यांत नऊ किलो उतरला. आम्ही काय केलं तर गॅसच्या गोळ्या, मग ईसीजी, मग सोनोग्राफी, मग एन्डोस्कोपी, सगळं नॉर्मल. नॉर्मल म्हटल्यावर माणसाला बरं वाटायला पाहिजे ना, तर दादाला उलट जास्तच वाईट वाटायचं, कारण मग लोक म्हणायला मोकळे की काही झालेलं नाहीये, नाटकं करतोय, कामाचा कंटाळा. मीही एकदा म्हणाले होते. लिहून टाकते, लपवून काय करू.

मग वहिनीच्या माहेरच्यांनी 'बाहेरचं' काढलं. देवर्षीकडे अमावस्येला नेलं, नारळ, लिंबं, आणि ५१०० रुपये. आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे हे मला तेव्हाही माहीत होतं, पण घरात भाऊ भिंतीकडे तोंड करून झोपलेला असताना वहिनीशी कायद्यावर वाद घालायचा जोर कुणात असतो. त्यानंतर शहरातल्या एका प्रायव्हेट डॉक्टरकडे, फी ९००, एसी छान, खुर्च्या मऊ. झोपेची गोळी मिळाली, दादा दिवसभर झोपायला लागला, दोन वेळा जाऊन पैसे परवडेनात म्हणून सोडलं.

सिव्हिलचा रस्ता कुणी दाखवला माहितीये? आमच्या आशाताईने. ती तिशीपुढच्या लोकांचा बीपी-शुगरचा फॉर्म भरायला आली होती, त्यात शेवटी दोन प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटत नाही असं किती वेळा झालं आणि उदास, निराश किती वेळा वाटलं. वहिनी म्हणाली 'लिही नाही', दादा आतून म्हणाला 'रोज'. एवढंच. आशाताईने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली जिल्ह्याला चला, मी येते सोबत. पाच-सहा हजारांच्या तपासण्या जे सापडवू शकल्या नाहीत ते फुकटच्या फॉर्मात सापडलं.

आता मूळ रिव्ह्यू.

केस पेपरला पैसे नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झालेत, त्यामुळे खिडकीवर फक्त आधार आणि लाईन. लाईन मात्र साडेआठला लावा, दहाला गेलात तर दुपार गेली. खिडकीवरचा माणूस विचारतो 'कुठला विभाग?' आणि इथेच पहिला धक्का, कारण हे उत्तर मागच्या पन्नास लोकांना ऐकू जाईल असंच द्यावं लागतं, काच जाड आहे. दादा पहिल्यांदा म्हणाला 'स्किन'. खरंच. आम्ही स्किनचा पेपर काढून आलो आणि परत लाईनीत उभे राहिलो.

२७ नंबरची खोली कॉरिडॉरच्या टोकाला, त्वचारोगाच्या शेजारी. बाहेर पाटी 'मनोविकृती विभाग'. ज्याने कुणी ही पाटी लिहिली त्याने त्या पाटीखाली तासभर आपल्या व्याह्यांसोबत बसून दाखवावं. हृदयविकार म्हणतो आपण, हृदयविकृती नाही ना म्हणत. परिणाम असा की बाकं मानसोपचारवाल्यांची पण अर्धे लोक स्किनच्या दारासमोर उभे, केस पेपरची घडी घालून, आणि नंबर पुकारला की पटकन आत. मी तर सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ओढणी तोंडावर घेऊन बसायचे आणि कामावर, पतसंस्थेत, सांगायचे भावाला शुगरसाठी नेते.

पण त्या बाकावर बसलं की जे दिसतं ते घरात बसून कळत नाही. आपल्याला वाटतं असं आपल्याच घरात झालं. तिथे बारावीचा मुलगा असतो वह्या घेऊन, हात थरथरतात. बाळंतपणाला दोन महिने झालेली मुलगी, बाळ सासूकडे, सासूचं तोंड वाकडं. दारू सोडताना घाम फुटलेला, हातापायाला कापरं भरलेला बाप्या. तिशीच्या मुलाला महिन्याचं इंजेक्शन द्यायला आणणारी सत्तरीची आई, तिने मला एकदा विचारलं, माझ्यामागं ह्याला कोण आणणार गं, आणि मी चहा आणते म्हणून उठून गेले. साध्या कपड्यातला पोलीस, तो स्वतःसाठीच आलेला. आणि मंगळवारी दिव्यांग प्रमाणपत्राची गर्दी, त्या दिवशी नवीन पेशंटने जाऊच नये, बुधवार बरा.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं होतं, १२ राज्यांत (महाराष्ट्र त्यात नव्हता), त्यात मोठ्या माणसांत १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता असं निघालं, म्हणजे दहात एक. आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. म्हणजे आमच्या त्या बाकावर मावत नाहीत म्हणून भिंतीला टेकलेली जी गर्दी आहे ती फक्त आलेल्यांची. बाकीचे गॅसच्या गोळ्या खातायत.

डॉक्टर. वय असेल पस्तीस-छत्तीस. पहिल्या वेळी आम्हाला पंचवीस मिनिटं दिली, मी घड्याळ बघितलं. आधी दादाला एकट्याला, मग आम्हाला, मग सगळ्यांना. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला लावलं, कारण थायरॉइड कमी असला तरी माणूस असाच सुस्त आणि उदास होतो म्हणे, हे आधीच्या कुणी बघितलंच नव्हतं. आणि मग सरळ विचारलं, 'मरून जावं असं वाटतं का?' मला वाटलं असं विचारतात का कुणी, नसेल डोक्यात तर येईल. दादा म्हणाला 'वाटतं'. वहिनी तिथेच खाली बसली. डॉक्टर म्हणाले, विचारल्याने विचार येत नाहीत, उलट माणसाला वाटतं कुणीतरी ऐकतंय. मग वहिनीला सांगितलं की घरात-शेतात फवारणीचं जे काही औषध असेल ते आजच दुसऱ्याच्या घरी कुलपात, आणि पहिले काही आठवडे ह्यांना एकटं सोडायचं नाही. त्या सूचनेसाठी मी या खोलीला दहा स्टार दिले असते, आमच्याकडे तेव्हा ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

दादाला दोन भीत्या होत्या. एक शॉकची, सिनेमात दाखवतात तसं. डॉक्टर म्हणाले तुम्हाला गरज नाही, आणि ज्यांना असते त्यांना भूल देऊनच देतात, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल न देता द्यायला बंदीच आहे. दुसरी भीती पोलीस केसची, की मी असं बोललो तर आत टाकतील. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं ते जुनं ३०९ कलम, १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाहीये, आणि त्याच्याही आधीपासून, २०१७ च्या त्याच कायद्यात लिहिलंय की असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरायचं, शिक्षा नाही. गावात हे कुणालाच माहीत नाही. गावात एवढंच माहीत असतं की 'येरवड्याला पाठवा', नाहीतर 'ठाण्याला'. राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, आणि चारही गावांची नावं आपण शिवीसारखी वापरतो. पेशंटने ते ऐकलेलं असतं हो.

दादाने आजाराचं जे वर्णन केलं ते मी विसरणार नाही. म्हणाला, 'मोटार फिरतीय डॉक्टर, आवाज येतोय, पण पट्टा उतरलाय, दगड फिरत नाय.' डॉक्टरांनी हे केस पेपरवर लिहून घेतलं आणि मग विचारलं, दगडाला टाकी मारायला (म्हणजे छिन्नीने खाचा पाडायला) किती वेळ लागतो? दादा चार महिन्यांत पहिल्यांदा दोन वाक्यांच्या वर बोलला, टाकी कशी मारतात ते सांगत बसला, बाहेर पन्नास पेशंट आणि आत गिरणीचं व्याख्यान. सिस्टर दारातून दोनदा डोकावून गेल्या पण बोलल्या काही नाहीत.

औषधाबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण आम्ही इथेच माती खाल्ली. डिप्रेशनवरची एस्सिटालोप्राम म्हणून गोळी सुरू झाली. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पहिले आठ-दहा दिवस मळमळेल, डोकं जड वाटेल, आणि फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही. डोकेदुखीच्या गोळीसारखं अर्ध्या तासात काही होत नाही. आम्ही ऐकलं, मान हलवली, आणि सहाव्या दिवशी 'काहीच फरक नाही' म्हणून भांडायला लागलो. विसाव्या दिवशी दादा सकाळी सहापर्यंत झोपला. पाचव्या आठवड्यात त्याने स्वतःहून दाढी केली. अडीच महिन्यांत इतका बरा झाला की वहिनीचा भाऊ म्हणाला, आता बस करा, सवय लागेल. आणि बंद केली, आम्हाला न सांगता, एका दिवसात.

चक्कर, चिडचिड, आणि महिन्याभरात पुन्हा भिंतीकडे तोंड. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी वहिनीच्या भावालाही फोनवर घेतलं. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, जास्त दिवस घेतल्या तर. डिप्रेशनच्या या गोळीचं व्यसन लागत नाही, पण एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते, आणि बरं वाटायला लागल्यावरही पुढे निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असते. कोर्स पूर्ण न करता सोडणारे आपण सगळेच, टायफॉइडलाही हेच करतो.

आता तक्रारी. गोळी दीड वर्षात तीनदा स्टॉकमध्ये नव्हती. 'बाहेरून घ्या' असा शिक्का. ज्या गोळीबद्दल आत बसलेला माणूस सांगतो की एक दिवसही चुकवू नका, तीच बाहेरच्या खिडकीवर नसते. मेडिकलमधून घेतली तर महिन्याचं बिल झोंबतं, जनऔषधीत बरीच स्वस्त पडली, पण जनऔषधी दुकान शोधायलाच मला रिक्षाचे ८० रुपये गेले. दुसरं, पहिल्या भेटीची ती पंचवीस मिनिटं पुन्हा कधी मिळाली नाहीत, पुढे तीन मिनिटं, चार मिनिटं, झोप बरी? भूक? हेच चालू ठेवा. मी डॉक्टरांना दोष देत नाही, देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि इथे अख्ख्या जिल्ह्याला हे एक, त्यात कोर्टाची कामं, प्रमाणपत्रं, तालुक्याचे कॅम्प. पण पेशंटच्या बाजूने तीन मिनिटं ती तीन मिनिटंच.

समुपदेशन करणाऱ्या मॅडम आहेत, चांगल्या आहेत, आठवड्यातून दोनच दिवस, आणि त्यांची खोली म्हणजे पडद्याच्या पलीकडे रजिस्टर भरणारा क्लार्क. दादाने कर्जाचं सांगायला सुरुवात केली आणि पलीकडून कुणीतरी शिंकलं, तो गप्पच झाला. दादाने नवीन पल्व्हरायझरसाठी कर्ज काढलं होतं, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं! पुढच्या वेळी मॅडमनी त्याला बाहेर, वडाच्या पारावर नेलं आणि तिथे बोलल्या. सरकारने बांधलेल्या खोलीपेक्षा वडाचं झाड प्रायव्हेट.

त्या वर्षीची दिवाळी दादाच्या गिरणीशिवाय गेली, दाराला कुलूप, आणि ते चार महिने निघालं नाही. गावातल्या बायका डोक्यावर दळणाचा डबा घेऊन चार किलोमीटरवरच्या गावाला. भाजणीचा सीझन गेला म्हणजे वर्षाची मोठी कमाई गेली. गिरणीवरचा पोरगा कामाविना राहिला, तो चाकणला गेला, परत आला नाही. पुतणीची दहावी होती, तिचा क्लास बंद केला, ती मुलगी रात्री तीनला बापासोबत ओट्यावर बसायची, तिला कुणी ओपीडीला नेलं नाही. वहिनी मजुरीला जायची ते बंद कारण दादाला एकटं सोडायचं नाही. माझी महिन्याची एक रजा. केस पेपरवर नाव एकाचं, आणि आजारी किती? जागतिक आरोग्य संघटना सांगते की डिप्रेशन आणि एन्झायटीमुळे जगात वर्षाला १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. त्यात आमच्या गिरणीचे १२० दिवस धरलेत की नाही देव जाणे, आणि त्या डबे वाहणाऱ्या बायकांच्या चकरा तर नक्कीच धरलेल्या नसणार.

आणि हे घडत असताना गाव काय करत होतं? 'मन घट्ट कर' म्हणत होतं. उसने पैसे मागायला आलेला कुणी परत जात नाही आमच्या गावात, पण आजारी मन घेऊन आलेल्याला सगळे सल्ला देतात. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. यातले सगळेच डिप्रेशनचे नसतील, कर्ज, नापिकी, दारू, घरातली भांडणं सगळं एकात एक गुंतलेलं असतं, डॉक्टरही म्हणाले की एकच कारण कधीच नसतं. पण अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रयोग झाला होता, गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवलं, तर डिप्रेशनवर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. कुणी मोठं हॉस्पिटल नाही बांधलं. आशाताईसारखं कुणीतरी दारात आलं. म्हणून जेव्हा आशाताईंचं मानधन थकल्याच्या बातम्या येतात तेव्हा मला त्या खाली ठेवलेल्या पेनची आठवण येते आणि डोकं तापतं.

टेलिमानसबद्दलही लिहिते, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी फोनसेवा, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. मी दादासाठी नाही, माझ्यासाठी लावला होता. रात्री दीड वाजता, गच्चीवर जाऊन, कारण खाली रेंज नाही. पलीकडच्या बाईंनी पस्तीस-चाळीस मिनिटं ऐकलं, मध्ये एकदाही 'मन घट्ट करा' म्हणाल्या नाहीत, शेवटी विचारलं 'तुम्ही स्वतः शेवटचं कधी नीट जेवलात?' उत्तर आठवेना. औषध हवं असेल तर डॉक्टर लागतोच, पण रात्री दीड वाजता २७ नंबरच्या खोलीला कुलूप असतं, तेव्हा हा नंबर फोनमध्ये असू द्या. मी सेव्ह करताना 'गॅस एजन्सी २' म्हणून केलाय. अजूनही बदलला नाही.

मेडिक्लेम असेल तर एक सांगते, शारीरिक आजाराला कव्हर देतात तसंच मानसिक आजाराला द्यायला पाहिजे असं २०१७ च्या कायद्यातच आहे, त्यामुळे एजंट 'हे बसत नाही' म्हणाला तर लेखी मागा. आम्हाला उपयोग नाही, आमच्याकडे मेडिक्लेमच नाही.

जाणाऱ्यांसाठी बारीकसारीक : जुने कागद, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या, नावं आठवत नाहीत. सोबत घरातलं एक माणूस जावं पण चार नको, आमचे पहिल्यांदा सहा जण गेले होते, लग्नाला गेल्यासारखे. काय काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून न्या, तीन मिनिटांत काही सुचत नाही. गेटसमोरच्या टपरीवरचा चहा पाणचट, डावीकडच्या गल्लीतला बरा.

दादा आता गिरणीवर असतो. सकाळी सात ते बारा, संध्याकाळी चार ते आठ. पूर्वीसारखा गप्पिष्ट नाही झालाय, कधी कधी हातातलं माप तसंच धरून उभा राहतो, पण दगड फिरतोय. पावसाळा आला की वहिनी धास्तावते. गोळी अर्ध्यावर आणलीय, पुढच्या बुधवारी तारीख आहे. स्टॉक आलाय का हे आधी विचारून निघावं म्हणून मी तीन दिवस सिव्हिलचा नंबर फिरवतेय, रिंग जाते, कुणी उचलत नाही, त्या अर्ध्या स्टारचं काय करायचं ते बुधवारी ठरवेन.